एल्कवर बाण केव्हा सोडावा, केव्हा धनुष्य उतरवावे

उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील रॉकी पर्वतात सप्टेंबर लागला की एल्क या मोठ्या हरणाच्या धनुष्यबाणाने करावयाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि कोलोरॅडो, मोंटाना, वायोमिंग, आयडाहो यांसारख्या राज्यांत रीतसर परवाना घेतलेले शिकारी डोंगर चढू लागतात. एल्क हा भारतातील सांबर आणि काश्मिरातील हंगुल यांच्याच कुळातला, पण हंगुलापेक्षा बराच थोराड प्राणी असून पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ३०० किलोच्या आसपास आणि मादीचे सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकार हा गुन्हा असल्यामुळे मराठी वाचकाचा या विषयाशी प्रत्यक्ष संबंध आला तर तो बहुधा परदेशातच, धनुर्विद्येच्या छंदातून शिकारीकडे वळल्यामुळे, येतो. आणि अशा वाचकापाशी वडील-काकांच्या मागून लहानपणापासून डोंगरात हिंडून अंगी मुरलेले तारतम्य नसते. ते तारतम्य शब्दांत मांडणे एवढाच या लेखाचा हेतू आहे. शिकार मुळात करावी की नाही हा प्रश्न वेगळा असून त्याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या मनाशी देऊन मगच परवान्याचा अर्ज भरावा.

ज्या नेमाने जनावर लवकरात लवकर आणि कमीत कमी यातना होऊन मरेल, आणि मेल्यावर निश्चित सापडेल, अशी वाजवी खात्री शिकाऱ्याला आहे त्या नेमाला नैतिक नेम म्हणता येईल. या दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. वर्मी घाव बसूनही घनदाट झाडीत हरवलेले आणि कुजून गेलेले जनावर हे नैतिक नेमाचे फळ म्हणता येत नाही. नवखा शिकारी धनुष्य ताणताना स्वतःला विचारतो तो प्रश्न असा असतो की, हा बाण लागेल काय. विचारावयाचा प्रश्न मात्र निराळा आहे: हा बाण वीतभर चुकला तर तो कुठे बसेल? सरावाच्या मैदानावरील उत्तम बाणावरून नव्हे, तर दमलेल्या, थंडीने आखडलेल्या आणि घाईत असलेल्या माणसाच्या हातून सुटणाऱ्या सुमार बाणावरून नेमाची योग्यता ठरवावी. अंतर, कोन, हालचाल, झाडी, उजेड यांविषयीचे जे नियम अनुभवी शिकारी सांगतात ते सर्व या एका कसोटीतून निघतात, आणि ती कसोटी नीट समजली तर नियम घोकण्याची फारशी गरज उरत नाही.

या विचाराला अमेरिकेत स्वतःची परंपरा आहे. १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने ‘फेअर चेस’, म्हणजे जनावराला निसटण्याची खरीखुरी संधी ठेवून केलेली शिकार, ही कल्पना रुजवली. धनुष्याच्या शिकारीकडे विसाव्या शतकात पुन्हा लोकांचे लक्ष गेले त्यामागे कॅलिफोर्नियातील सॅक्स्टन पोप या डॉक्टरांचा मोठा वाटा होता. ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीतील अखेरचा माणूस म्हणून ओळखला गेलेला इशी १९११ मध्ये ओरोव्हिल गावाजवळ आढळला आणि १९१६ मध्ये त्याचा मृत्यू झाला. मधल्या काळात पोप यांनी त्याच्याकडून धनुष्य घडवण्याची आणि दबकत जाऊन शिकार करण्याची विद्या घेतली. पोप आणि त्यांचे सहकारी आर्थर यंग यांच्या नावाने १९६१ मध्ये स्थापन झालेला क्लब आजही धनुर्शिकारीचे संकेत ठरवण्यात पुढे आहे. इशीच्या विद्येचा गाभा जनावराच्या अगदी जवळ जाण्यात होता. १९६९ मध्ये होलेस विल्बर ॲलन यांना पेटंट मिळालेल्या चाकांच्या धनुष्याने, ज्याला कंपाउंड म्हणतात, ही गरज कमी झाल्यासारखी वाटू लागली, कारण या धनुष्याची दोरी पूर्ण ताणल्यावर चाकांच्या रचनेमुळे हातावरचा भार एकदम हलका होतो आणि नेम स्थिर धरता येतो. बाण अधिक वेगवान आणि अचूक झाला हे खरे. पण बाण सुटल्यापासून पोहोचेपर्यंतच्या वेळात जनावर काय करील यावर कोणत्याही चाकाची सत्ता चालत नाही, आणि घोळ होतो तो नेमका तिथेच.

बाण प्राणी कसा मारतो हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण बंदुकीच्या संगतीने तयार झालेल्या कल्पना इथे दिशाभूल करतात. एल्कसाठी वापरला जाणारा सुमारे २८ ग्रॅम वजनाचा बाण सेकंदाला ८५ मीटर वेगाने सुटला तर त्याच्यातील ऊर्जा १०० ज्यूलच्या आसपास भरते. याच प्राण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रायफलीच्या गोळीत ती तीन हजार ज्यूलच्या वर असते. गोळी आपल्या ऊर्जेने भोवतीच्या पेशी फाडते आणि हाडेही फोडते. बाणाला फक्त कापता येते. त्याच्या टोकाला बसवलेली वस्तऱ्यासारखी धारदार, रुंद पाती ज्या वाटेने जातील तेवढ्याच रक्तवाहिन्या तुटतात. ही वाट दोन्ही फुप्फुसांतून गेली तर फुप्फुसे मिटतात, रक्तदाब झपाट्याने कोसळतो आणि जनावर बहुधा शे-दीडशे मीटरच्या आत, अर्ध्या मिनिटाच्या आगेमागे, खाली येते. पुष्कळदा त्याला काय झाले हे कळलेलेही नसते आणि दहा पावले पळून ते मागे वळून पाहत उभे राहते. हीच वाट खांद्याच्या जाड हाडावर किंवा नुसत्या मांसल भागात संपली तर जनावर जखम घेऊन मैलोन्‌मैल जाऊ शकते. कोलोरॅडोच्या नियमांनुसार धनुष्याचा ताण किमान ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो, असावा लागतो आणि बाणाच्या टोकाला किमान ७/८ इंच रुंदीचा, निदान दोन पोलादी धारा असलेला फाळ लागतो. ही कायद्याची किमान मर्यादा आहे, शिफारस नव्हे. अनुभवी लोक एल्कसाठी याहून बराच अधिक ताण आणि जड बाण वापरतात, आणि पात्याची धार सरावात बोथट झाली असेल तर ते पाते डोंगरात नेतच नाहीत.

मराठीत वर्मी घाव म्हणतात ते वर्म एल्कच्या देहात नेमके कुठे असते, याबद्दल चुकीची समजूत असण्याचे प्रमाण नवख्यांत फार आढळते. हृदय छातीच्या तळाशी, पुढच्या पायांच्या कोपरांच्या मधोमध असते. त्याच्या वर आणि किंचित मागे दोन्ही फुप्फुसे पसरलेली असतात. त्यांच्यामागे छाती आणि पोट वेगळे करणारा स्नायूंचा पडदा, पडद्याला लागून यकृत, म्हणजे खाटकाकडची कलेजी, आणि त्याच्यामागे अर्धवट पचलेल्या गवताने भरलेली जठराची भलीमोठी पिशवी, जिला स्वयंपाकघरात वजडी म्हणतात. पाठीचा कणा पाठीच्या वरच्या कडेला चिकटून जातो असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात खांद्यापाशी तो बराच खाली असतो आणि त्याच्यावर मणक्यांचे उंच काटे आणि मांस यांचा थर असतो. त्यामुळे छातीच्या पुढच्या भागात वरचा मोठा पट्टा असा निघतो, जिथे बाण बसला तर जनावर हादरते, क्वचित गुडघ्यावरही येते आणि मग उठून निघून जाते. फुप्फुसांचा भाग बाजूने पाहताना ढोबळमानाने ३५ ते ४० सेंटिमीटर व्यासाचा धरता येतो.

नेमाचा बिंदू ठरवताना पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जाणारी उभी रेषा मनात आखावी आणि छातीच्या खालच्या कडेपासून सुमारे एक तृतीयांश उंचीवर, त्या रेषेच्या किंचित मागे, केसांचा एखादा झुपका किंवा सावलीची एखादी कडा शोधून तिथेच नजर खिळवावी. संपूर्ण जनावरावर किंवा, त्याहून वाईट म्हणजे, शिंगांवर नजर ठेवून सोडलेला बाण जिथे नजर होती तिकडे जातो. काही जण हृदयावर नेम धरण्याचा सल्ला देतात. तो ऐकण्यात शौर्याचा असला तरी व्यवहारात अविचाराचा आहे, कारण हृदयावर धरलेला बाण वीतभर खाली गेला तर छातीखालचे केस कापून निघून जातो आणि वीतभर पुढे गेला तर दंडाच्या हाडावर आपटतो; उलट फुप्फुसांच्या मध्यावर धरलेला बाण थोडा खाली गेला तर हृदयात, थोडा वर गेला तर फुप्फुसातच, थोडा मागे गेला तर फुप्फुसाच्या मागच्या टोकात किंवा यकृतात बसतो. पुढच्या पायाची स्थितीही बारकाईने पाहावी. जवळच्या बाजूचा पाय पुढे टाकलेला असेल तर खांद्याचे पाते आणि दंडाचे हाड पुढे सरकून बरगड्या उघड्या पडतात. तोच पाय मागे असेल तर तीच हाडे नेमक्या जागेवर ढालीसारखी येतात. एक पाऊल पुढे पडण्याची वाट पाहण्यात दोन-तीन सेकंद जातात. ते खुशाल जाऊ द्यावेत.

जनावर शिकाऱ्याशी कोणत्या कोनात उभे आहे यावर बाणाची आतली वाट ठरते, आणि म्हणून कोनाचा विचार करताना बाण आत कुठे शिरेल यापेक्षा तो बाहेर कुठे पडेल हे डोळ्यांपुढे आणावे. पूर्ण आडवे, म्हणजे एक कूस शिकाऱ्याकडे करून उभे असलेले जनावर हा सर्वांत भरवशाचा नेम होय. त्याच्या बरोबरीचा, काहींच्या मते त्याहूनही बरा, नेम म्हणजे तिरपे पाठमोरे जनावर: ते शिकाऱ्यापासून दूर तोंड करून किंचित वळलेले असते, त्याची नजर पुढे असते, आणि बाण बरगड्यांच्या मागून शिरून पुढच्या बाजूला निघतो. अशा वेळी बाण पलीकडच्या पुढच्या पायापाशी बाहेर पडेल असे धरून नेम घ्यावा, त्यामुळे आत शिरण्याची जागा आपोआप मागे सरकते. हा तिरपेपणा अर्ध्या काटकोनापेक्षा जास्त झाला की मात्र बाणाला आधी गवताने गच्च भरलेल्या जठरातून जावे लागते आणि फुप्फुसांपर्यंत पोहोचण्याआधीच त्याचा जोर संपतो. तिरपे समोर तोंड करून असलेल्या जनावराच्या बाबतीत खांद्याची हाडे वाटेत असतात आणि चुकलेला बाण एका फुप्फुसाला घासून पोटात जातो. एका फुप्फुसावर एल्क फार वेळ तग धरतो. थेट मागून नेम कोणीही धरू नये, याविषयी जबाबदार शिकाऱ्यांत दुमत नाही. झाडावर बांधलेल्या मचाणावरून अगदी पायाखाली आलेल्या जनावरावर सोडलेला बाणही दिसतो तितका सोपा नसतो, कारण तो वरून खाली जाताना बहुधा एकाच फुप्फुसाला छेदतो.

वाद आहे तो थेट समोरून, म्हणजे छातीवर, घेतलेल्या नेमाचा. मानेच्या मुळाशी दोन्ही खांद्यांच्या मधे हाडांनी न झाकलेली एक छोटी जागा असते आणि तिथून शिरलेला बाण मोठ्या रक्तवाहिन्या तोडून जनावराला काही पावलांत खाली आणतो, असे या नेमाचे समर्थक सांगतात, आणि ते खोटे नाही. परंतु ही जागा तळहाताएवढी असते, सप्टेंबरात नराच्या मानेवर वाढलेले दाट काळपट केस तिची कड झाकून टाकतात, आणि समोर तोंड करून उभे असलेले जनावर व्याख्येनेच शिकाऱ्याकडे पाहत असते. लेखाच्या आरंभी दिलेली कसोटी इथे लावली तर चार बोटे चुकलेला बाण खांद्याच्या सांध्यात किंवा मानेच्या मांसात जातो. ज्याने पुष्कळ एल्क आडव्या नेमाने मारले आहेत आणि जो पंधरा पावलांच्या आत उभा आहे त्याने काय करावे हे त्याचे त्याने ठरवावे. नवख्याने समोरचा नेम नाकारावा आणि जनावर वळण्याची वाट पाहावी.

अंतराविषयी पुष्कळ बोलले जाते आणि त्यात बढाईचा भागही बराच असतो, म्हणून इथे हिशेबच मांडलेला बरा. सेकंदाला ८५ मीटर वेगाने सुटलेल्या बाणाला ४० यार्ड, म्हणजे सुमारे ३७ मीटर, अंतर कापायला साधारण ०.४३ सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला सरळ रेषेपासून सुमारे ९० सेंटिमीटर खाली ओढते, म्हणूनच तो त्या प्रमाणात वर रोखावा लागतो. अंतराचा अंदाज पाच यार्डांनी चुकला, म्हणजे २० समजून २५ यार्डांवर बाण सोडला, तर तो सुमारे ७ सेंटिमीटर खाली बसतो; ४० समजून ४५ वर सोडला तर सुमारे १३ सेंटिमीटर, आणि ६० समजून ६५ वर सोडला तर सुमारे १८ सेंटिमीटर. फुप्फुसांच्या मध्यापासून त्यांच्या कडेपर्यंतचे अंतरच १८ ते २० सेंटिमीटर असल्यामुळे साठ यार्डांवर केवळ अंतराची चूक सगळी सवलत खाऊन टाकते आणि हाताच्या थरथरीला काहीच शिल्लक राहत नाही. लेझरवर चालणारे अंतरमापक यंत्र ही चूक बरीचशी दूर करते, मात्र जनावर मापन आणि बाण यांच्या मधल्या वेळात चालत आले तर ते माप शिळे होते. म्हणून लपणीत बसल्यावर लगेच आजूबाजूच्या ठळक झाडांची आणि दगडांची अंतरे मोजून ठेवावीत आणि जनावर आल्यावर यंत्राला हात न लावता त्या खुणांवरून अंतर ठरवावे. उतारावर आडवे, म्हणजे क्षितिजसमांतर, अंतर धरावे लागते: तीस अंशांच्या उतारावर खाली दिसणारे ३० यार्डांवरचे जनावर बाणाच्या दृष्टीने केवळ २६ यार्डांवर असते आणि दिसते तेवढे अंतर धरणाऱ्याचा बाण नेमापेक्षा वर बसतो.

स्वतःची मर्यादा ठरवण्याची रीत सोपी असली तरी अहंकाराला ती जड जाते. दिवसभरातला पहिला बाण, अंग गरम होण्याआधी, जाडे कपडे आणि पाठीवर पिशवी असताना, गुडघ्यावर बसून किंवा तिरक्या उतारावर उभे राहून सोडावा आणि तो कुठे बसतो हे रोज लिहून ठेवावे. जेवणाच्या लहान ताटलीएवढ्या वर्तुळात दहांपैकी नऊ पहिले बाण ज्या अंतरापर्यंत पडतात ती त्या माणसाची मैदानावरील मर्यादा समजावी, आणि डोंगरातील मर्यादा त्याहून बरीच आखूड धरावी. मैदानावर तिसऱ्या-चौथ्या बाणापासून जमू लागलेले सुंदर झुबके इथे मोजायचे नसतात, कारण एल्क दुसऱ्या बाणाची संधी क्वचितच देतो. पुष्कळ शिकारी या रीतीने तीस ते चाळीस यार्डांच्या आत येऊन थांबतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

हालचालीच्या बाबतीत वरचे ०.४३ सेकंद पुन्हा आठवावेत. सावकाश चालणारा एल्कही सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास जातो. म्हणजे बाण सुटून पोहोचेपर्यंत तो अर्ध्या मीटरहून अधिक पुढे सरकतो, आणि खांद्यामागे धरलेला नेम जठरात जाऊन बसतो. चालत्या जनावराच्या पुढे नेम धरण्याचा हिशेब तोंडी फार सुबक वाटतो, पण दर पावलागणिक वेग बदलणाऱ्या जनावरावर तो टिकत नाही. चालणाऱ्या एल्कला मादीच्या मऊ, आखूड आवाजाची नक्कल करून थांबवता येते, मात्र त्याआधी धनुष्य पूर्ण ताणलेले आणि नेम जागेवर असावा लागतो, आणि थांबण्याची जागा शिकाऱ्याने आधीच निवडलेली, झाडीतली मोकळी फट असावी लागते. थांबलेले जनावर कोणत्या मनःस्थितीत आहे हेही पाहावे. कान सैल असलेला, चरणारा किंवा शिंगांनी झुडूप घुसळणारा नर आणि मान ताठ करून, सगळे स्नायू आवळून शिकाऱ्याच्या दिशेने पाहणारा नर यांत फार फरक आहे, कारण दोरीचा आवाज बाणाच्या चौपट वेगाने जातो आणि सावध जनावर बाण पोहोचण्याआधी अंग आखडून वळू लागते. अंतर थोडे कमी असूनही टक लावून पाहणाऱ्या एल्कवरचा नेम, निर्धास्त एल्कवरच्या लांबच्या नेमापेक्षा वाईट ठरू शकतो.

झाडीचा धोका दोन प्रकारचा आहे. पहिला उघड: बाण बोटाएवढ्या फांदीला लागूनही भलतीकडे जातो. दुसरा कमी ध्यानात येतो. बाण सरळ रेषेत जात नसून कमानीत जातो, आणि ४० यार्डांच्या नेमात मधल्या टप्प्यावर तो नजरेच्या रेषेच्या वीतभर वरून जाऊ शकतो. त्यामुळे नजरेला पूर्ण मोकळी दिसणारी वाट वरून लोंबणाऱ्या फांदीने अडलेली असू शकते. ती वाट नजरेने आधी, धनुष्य उचलण्यापूर्वी, तपासावी. जे स्पष्ट दिसत नाही त्यावर बाण सोडू नये हे सांगण्याची खरे तर गरज नसावी, पण मिलनाच्या हंगामात दाट झाडीतून नराची किंकाळी अगदी जवळून येते आणि उतावळ्या शिकाऱ्याला आवाजाच्या रोखाने हलणाऱ्या तपकिरी रंगावर नेम धरण्याचा मोह होतो. पाण्यात घागर बुडण्याच्या आवाजावर दशरथाने सोडलेल्या शब्दवेधी बाणाची कथा माहीत असलेल्या मराठी वाचकाला यापेक्षा जास्त समजावण्याचे कारण नाही. त्या झाडीत दुसरा शिकारीही मादीचा आवाज काढत बसलेला असू शकतो.

नर एल्क आवाज ऐकून येतो तेव्हा त्याची वाट आवाज काढणाऱ्याकडे असते, म्हणजे एकटा शिकारी आवाज काढत असेल तर नर बहुधा त्याच्याच समोर तोंड करून येतो आणि वर वर्णिलेला सर्वांत संशयास्पद नेम पुढे ठेवतो. यावरचा जुना उपाय असा की आवाज काढणारा जोडीदार तीस-चाळीस मीटर मागे बसावा आणि बाण सोडणारा पुढे, वाऱ्याच्या बाजूला थोडा सरकून, म्हणजे नर त्याच्या कुशीला येऊन पुढे जातो. वाऱ्याचा विचार तर कायमच करावा लागतो, कारण डोंगरातली हवा सकाळी थंड असताना उतारावरून खाली वाहते, ऊन चढले की वर उठू लागते आणि संध्याकाळी पुन्हा उतरते. या बदलाच्या वेळी मानेमागे वाऱ्याची झुळूक लागली की शिकाऱ्याला कळते की पुढच्या काही क्षणांत एल्कला वास लागणार, आणि घाईत सुटलेले बरेचसे वाईट बाण नेमक्या याच क्षणी सुटतात. वारा फिरला याचा अर्थ संधी निसटली, एवढाच घ्यावा.

धनुष्य ताणणे म्हणजे बाण सोडण्याचे वचन देणे नव्हे, ही गोष्ट हाताला शिकवावी लागते. साठ-सत्तर पौंडांचे कंपाउंड धनुष्य ताणून धरल्यावर हातावरचा भार पाचव्या हिश्शाएवढा उरतो, तरी मिनिटभरात खांदा थरथरू लागतो, आणि थरथर सुरू झाल्यावर ‘आता नाही तर कधीच नाही’ अशी घालमेल होते. मैदानावर सराव करताना अधूनमधून पूर्ण ताणून, नेम धरून, मग बाण न सोडता दोरी सावकाश परत नेण्याचा सराव करावा. ज्याने हे कधी केलेले नाही तो डोंगरात ते करीत नाही, कारण शरीर सवयीचेच काम करते. छातीतील धडधड शांत होत नसेल, श्वास आटोक्यात येत नसेल, नेमाचा बिंदू जनावरावर स्थिर होण्याऐवजी त्याच्याभोवती फिरत असेल, तर बाकी सर्व अटी पूर्ण असूनही उत्तर नकाराचेच आहे.

बाण सोडण्याच्या निर्णयात बाणानंतरचे तासही धरावे लागतात, आणि बहुतेक मार्गदर्शनांत हा भाग अखेरीला घाईघाईने उरकला जातो. बाण दोन्ही फुप्फुसांत बसला असला तरी निदान अर्धा तास जागचे हलू नये. बाणावर किंवा मागावर फेसाळ, गुलाबीसर रक्त दिसले तर ते फुप्फुसाचे असते. काळपट लाल रक्त यकृताकडे बोट दाखवते आणि तेव्हा चार ते सहा तास थांबावे लागते. बाणावर हिरवट चोथा आणि आंबूस वास असेल तर तो जठरातून गेलेला असून आठ ते बारा तास थांबल्यावाचून मागावर जाऊ नये, कारण जवळच बसलेले जनावर हुसकले गेले तर ते उठून कित्येक किलोमीटर जाते. सकाळी सोडलेल्या बाणाला हे तास मिळतात. कोलोरॅडोत शिकारीची वेळ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते, आणि त्या शेवटच्या अर्ध्या तासात सोडलेला, मागे बसलेला बाण म्हणजे रात्रभराची प्रतीक्षा, सप्टेंबरच्या उबेत दाट केसांच्या आणि जाड कातडीच्या आत तापत राहणारे मांस, आणि वायोमिंग-मोंटानाच्या काही भागांत ग्रिझली अस्वलाचा प्रश्न. पाऊस किंवा हिमवर्षाव डोक्यावर असेल तर मागावरचे रक्त धुतले किंवा झाकले जाते. त्यामुळे सकाळी आठला योग्य असलेला पस्तीस यार्डांचा नेम संध्याकाळी त्याच अंतरावर, त्याच कोनात, अयोग्य ठरू शकतो. संध्याकाळी फक्त अगदी जवळचे, पूर्ण आडवे, निर्धास्त जनावरच मान्य करावे.

जमिनीच्या हद्दीचाही विचार आधीच करून ठेवावा लागतो. कोलोरॅडोच्या नियमांनुसार जखमी झालेल्या किंवा झाले असण्याची शक्यता असलेल्या जनावराचा माग काढून त्याला मारण्याचा वाजवी प्रयत्न करणे शिकाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि त्याच वेळी खाजगी जमिनीत मालकाच्या परवानगीवाचून जखमी जनावरामागेही जाता येत नाही. सरकारी वनाच्या कडेला एखादे खाजगी रँच असेल आणि कुंपण लपणीपासून दोनशे मीटरच्या आत असेल, तर फुप्फुसात बाण बसलेला एल्कही पलीकडे जाऊन पडू शकतो. अशा ठिकाणी बसण्याआधी नकाशावर हद्द पाहून मालकाची परवानगी घ्यावी, ती न मिळाल्यास जागा बदलावी. माग हरवला आणि दिवसभर शोधूनही जनावर सापडले नाही, तर परवान्याबरोबर मिळालेली टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराला लावायची चिठ्ठी, कोरी असली तरी बरेच शिकारी ती वापरलेली धरतात आणि त्या वर्षी दुसऱ्या एल्कवर धनुष्य उचलत नाहीत. कायदा तेवढे मागत नाही, पण असा बेत नवख्याने हंगामाला निघण्यापूर्वीच आपल्या जोडीदाराला सांगून ठेवावा.